वाचकांचा कौल घ्यावा, पण कसा?

गुहागरची संपादिका:

नमस्कार. गुहागर तालुक्यातील आमच्या गावाच्या वाचनालयातर्फे आम्ही दर महिन्याला आठ पानांची एक पत्रिका काढतो. तिच्या दीडशे छापील प्रती गावातील वाड्यावाड्यांत जातात आणि तोच अंक पीडीएफच्या रूपात व्हॉट्सॲपच्या गटांवरून मुंबई, ठाणे, पुणे येथे राहणाऱ्या गावकऱ्यांपर्यंत पोहोचतो. पत्रिका सुरू होऊन तीन वर्षे झाली. अंक वाचला जातो याची मला खात्री आहे, कारण एखादे नाव चुकीचे छापले गेले की दुसऱ्याच दिवशी घरी निरोप येतो. परंतु वाचक स्वतःहून बोलत नाहीत, पत्र पाठवत नाहीत, आणि ‘अंक छान झाला’ यापलीकडे एकही मत आमच्या हाती लागत नाही. लिहिणारे आम्ही पाच-सहा जण आणि बाकीचे सगळे नुसते वाचणारे, ही स्थिती बदलावी म्हणून गेल्या वर्षापासून आम्ही वाचकांचे कौल घेऊ लागलो.

पहिला कौल दिवाळी अंकाच्या विषयाचा होता. शिमग्याची पालखी, नमन-खेळे आणि हापूसच्या जुन्या कलमबागा असे तीन पर्याय गटावर दिले. एकवीस जणांनी मत दिले. कलमबागांना नऊ, पालखीला सात आणि नमनाला पाच मते पडली. त्यानुसार कलमबागांवर अंक काढला, तर नंतर भेटेल तो सांगू लागला की आम्हाला शिमग्याविषयी वाचायचे होते.

दुसरा कौल असा होता: ‘वाचनालय संध्याकाळी सात ते नऊ उघडे ठेवावे आणि त्यासाठी वार्षिक वर्गणी थोडी वाढवावी, असे आपणास वाटते का?’ पर्याय दोनच, होय आणि नाही. चौसष्ट मते आली, त्यांपैकी त्रेपन्न होकाराची. कार्यकारिणीने मान देऊन वेळ बदलली, बाहेरच्या पडवीत नवा दिवा लावला, दोन तरुणांनी आळीपाळीने बसायचे कबूल केले, आणि पहिल्या पंधरा दिवसांत रोज चार-पाच माणसांपलीकडे कोणी आले नाही. आता कार्यकारिणीतील वडीलधारी मंडळी म्हणतात की या कौलांना काही अर्थ नाही, ते बंद करा.

मला ते बंद करायचे नाहीत. मत विचारले की माणूस पत्रिकेला आपली मानू लागतो, हे मी या दोन्ही वेळी पाहिले आहे. चौसष्ट माणसे आमच्या पत्रिकेतील एखाद्या गोष्टीवर बोटही उचलतील असे मला आधी वाटले नव्हते. पण आमचे नेमके कोठे चुकले, आणि यापुढे कौल घेताना प्रश्न, पर्याय आणि मोजणी यांबाबत काय काळजी घ्यावी, हे अनुभवी मंडळींनी सांगावे अशी विनंती आहे.

रत्नागिरीचा निवृत्त संख्याशास्त्र शिक्षक:

ताई, आपण कौलांची मूळ वाक्ये आणि आकडे जसेच्या तसे दिलेत हे फार चांगले केलेत, कारण चूक कोठे झाली ते त्यांतूनच दिसते. आपल्या वाचकांनी खोटे सांगितलेले नाही. आपण जे विचारले त्याचे उत्तर त्यांनी दिले. मात्र आपल्याला जे जाणून घ्यायचे होते ते आपण विचारलेच नव्हते.

दुसऱ्या कौलापासून सुरुवात करतो. त्या एका वाक्यात दोन प्रश्न आहेत. वेळ बदलावी पण वर्गणी वाढवू नये असे ज्याला वाटते त्याने काय करायचे? कोणी होय म्हटले असेल, कोणी नाही म्हटले असेल, कोणी मत न देता पुढे गेले असेल, आणि या तिघांचे म्हणणे एकच असूनही ते तीन ठिकाणी विखुरले गेले. ‘आणि’ हा शब्द प्रश्नात आला की थांबून पाहावे, बहुधा तेथे प्रश्नाचे दोन तुकडे करावे लागतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की ‘उघडे ठेवावे का’ याला कोणीही होय म्हणेल. वाचनालय जास्त वेळ उघडे राहावे याला कोणाची हरकत असणार? आपल्याला हवे होते ते ‘आपण स्वतः त्या वेळेत आठवड्यातून किती दिवस याल’ याचे उत्तर. सदिच्छा विचारली तर सदिच्छा मिळते. माणूस काय करतो ते हवे असेल तर तेच विचारावे लागते.

शब्दाचा परिणाम किती असतो, याचे एक जुने उदाहरण मी वर्गात नेहमी देत असे. अमेरिकेत १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकशाहीविरुद्धच्या जाहीर भाषणांविषयी दोन गटांना दोन तऱ्हांनी विचारले गेले. ‘अशा भाषणांना बंदी घालावी का’ असे विचारल्यावर ५४ टक्के लोकांनी बंदी घालावी असे म्हटले. ‘अशा भाषणांना परवानगी द्यावी का’ असे विचारल्यावर ७५ टक्के लोक परवानगी देऊ नये म्हणाले. बंदी घालणे आणि परवानगी न देणे यांत व्यवहारात फरक नाही, तरी एका शब्दाने वीस टक्क्यांहून अधिक माणसे या बाजूची त्या बाजूला गेली. म्हणून प्रश्न छापण्यापूर्वी तो उलटा करून वाचावा, आणि घरातील दोन माणसांना वाचायला देऊन ‘तुला यातून काय समजले’ एवढेच विचारावे.

आता मते कोणाची, हा मुद्दा. येथे सर्वांत मोठी फसगत होते, कारण आकडा मोठा असला की तो खरा वाटतो. १९३६ साली अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या होत्या आणि सुमारे २३ लाख भरून परत आल्या. त्यांवरून रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार आल्फ लँडन जिंकणार असे साप्ताहिकाने जाहीर केले. प्रत्यक्षात त्यांचे प्रतिस्पर्धी रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत विजयी झाले. त्याच वेळी जनमत चाचण्या घेणारे जॉर्ज गॅलप यांनी सुमारे ५० हजार लोकांना विचारून निकालाची दिशा बरोबर सांगितली होती. साप्ताहिकाने नावे घेतली होती ती मुख्यतः टेलिफोनच्या आणि मोटारींच्या नोंदींमधून, म्हणजे मंदीच्या त्या काळात ज्यांच्याकडे या वस्तू होत्या त्यांची. शिवाय मतपत्रिका भरून परत पाठवण्याचे कष्ट घेणारे लोक आणि न घेणारे लोक यांची मतेही वेगळी होती. दोन वर्षांत ते साप्ताहिक बंद पडले. तेव्हा चौसष्ट ही संख्या कमी की जास्त, यात अडकू नका. ते चौसष्ट कोण होते, ते आधी शोधा. गटावरच्या पोलमध्ये मत देणाऱ्यांची नावे दिसतात, त्यामुळे हे काम आपण आजही करू शकाल.

एक छोटी सूचना जाता जाता. वीस-पंचवीस मतांचा निकाल टक्केवारीत छापू नये. ‘४३ टक्के वाचकांची पसंती’ असे छापले की नऊ माणसे दिसेनाशी होतात. ‘एकवीसपैकी नऊ’ असे छापावे.

दिवाळी अंकाच्या कौलाविषयी सविस्तर लिहावे लागेल. उद्या सवडीने लिहितो.

देवगडची संपादिका:

ताई, आमचीही अशीच एक लहान पत्रिका आहे. बाळशास्त्री जांभेकर आमच्याच तालुक्यातील पोंभुर्ल्याचे, म्हणून आम्ही पहिला अंक ६ जानेवारीला काढला. १८३२ साली त्याच दिवशी ‘दर्पण’चा पहिला अंक निघाला होता. तेव्हापासून वाचकाला बोलते करण्याचे सगळे प्रयत्न करून पाहिले आहेत, म्हणून सरांनी जे सांगितले त्यात व्यवहारातील दोन गोष्टींची भर घालते.

व्हॉट्सॲपच्या गटावर कौल घेणे सोपे आहे यात शंका नाही. बारा पर्यायांपर्यंत देता येतात, एकाहून अधिक उत्तरांची मुभा ठेवायची की नाही तेही ठरवता येते, आणि मोजणी आपोआप होते. पण सरांनी ज्याचा उल्लेख केला, म्हणजे कोणी कोणाला मत दिले ते सगळ्यांना दिसते, तीच गोष्ट गावात आड येते. आमच्या गटावर पहिली तीन-चार मते नेहमी त्याच माणसांची पडत. एक माजी सरपंच, एक देवस्थानचे मानकरी, एक शाळेचे मुख्याध्यापक. त्यानंतरची मते त्यांच्या मागोमाग जात. बायका तर मत देतच नसत. एकदा मी माझ्या शेजारणीला विचारले की तू मत का दिले नाहीस, तर ती म्हणाली, ‘भावजींनी एक म्हटल्यावर मी त्यांच्या खाली दुसरे कसे म्हणू?’ तिच्याकडे फोन होता, तिला मतही होते, पण सासरच्या वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांदेखत वेगळे बोट टेकवणे तिला शक्य नव्हते.

तेव्हापासून आम्ही दोन गोष्टी केल्या. बाहेरगावच्या वाचकांसाठी गुगल फॉर्म ठेवला, ज्यात नाव विचारत नाही आणि पर्यायांचा क्रम प्रत्येकासाठी बदलता ठेवण्याची सोय असल्याने पहिल्या पर्यायाला मिळणारा फुकटचा लाभही टळतो. एका व्यक्तीचे एकच मत घ्यायचे असेल तर त्या फॉर्ममध्ये गुगल खात्याने प्रवेश करावा लागतो आणि तेथे पुष्कळ जण परत फिरतात, म्हणून आम्ही ती अट काढून टाकली. आमच्या कौलात खोटी मते घालून कोणाला काही मिळण्यासारखे नसते. गावासाठी मात्र अंकाच्या शेवटच्या पानावर कापून घेण्याजोगी चिठ्ठी छापतो आणि वाण्याच्या दुकानात, शाळेच्या ओट्यावर आणि दूध संकलनाच्या जागी पत्र्याचा एकेक डबा ठेवतो. डबा पंधरा दिवस राहतो. आमच्याकडे पावसात दोन-दोन दिवस वीज आणि रेंज नसते, त्यामुळे एका दिवसाचा कौल म्हणजे ज्याच्या घरी त्या दिवशी रेंज होती त्याचा कौल होतो.

दुसरी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. नुसते मत मोजून वाचक बोलता होत नाही. एका वैशाखात आम्ही गमतीचा कौल घेतला होता: फणस कापा आवडतो की बरका? मते भरपूर आली, कापा जिंकला, निकाल छापला आणि विषय संपला. पुढच्या वर्षी तोच कौल पुन्हा घेतला, पण चिठ्ठीवर पर्यायांच्या खाली एक रिकामी ओळ ठेवली आणि तिच्याआधी ‘कारण’ एवढाच शब्द छापला. त्या एका ओळीने सगळा फरक पडला. एकाने लिहिले की बरक्याचा गर घशाखाली आपोआप उतरतो आणि आता दात राहिले नाहीत. एका मुलीने लिहिले की आजी फणसपोळी बरक्याचीच करते. एका आजींनी नातवाकडून लिहवून घेतले होते: ‘आमचा बरका रस्ता रुंद करताना गेला. तेव्हापासून विकतचा खात नाही.’ मी त्यांच्या घरी गेले, आणि त्या एका झाडावर पुढच्या अंकात दोन पाने झाली. ती वाचून आणखी सात जणांनी आपापल्या गेलेल्या झाडांविषयी लिहून पाठवले, ज्यांनी त्यापूर्वी आमच्या पत्रिकेसाठी एक ओळही लिहिली नव्हती. कौल हा दरवाजा आहे असे मी मानते. आत येऊन बसायला जागा त्या रिकाम्या ओळीनेच होते.

बोरिवलीत राहणारा चाकरमानी:

मी मूळचा राजापूर तालुक्यातील. आमच्या गावच्या गटावरही कौल होतात आणि त्यांत मी नियमाने मत देतो, म्हणून ताईंच्या चौसष्टांतील बाहेरच्या मतदारांच्या बाजूने थोडे लिहितो.

आमच्या मतांमुळे निकाल चुकला असेल, हे मी मान्य करतो. गावातील वाचनालय संध्याकाळी उघडे असावे असे मला मनापासून वाटते, कारण लहानपणी मी तेथे बसलेलो आहे आणि ते बंद दिसले की वाईट वाटते. परंतु त्या वेळेत मी तेथे येणार नाही हे उघड आहे. असे असूनही मला मत देण्यापासून कोणी रोखले नाही, आणि प्रश्न समोर आल्यावर मीही थांबलो नसतो. म्हणून विनंती अशी की आम्हाला कौलांतून वगळू नका, कारण त्या एका कारणाने आम्ही अंक उघडतो. त्याऐवजी पहिलाच प्रश्न ठेवा: ‘आपण वर्षातील बहुतेक दिवस गावात राहता का?’ मग दोन्हींची मोजणी वेगळी करून शेजारी शेजारी छापा. ज्या गोष्टीचा उपयोग गावातील माणसाला करायचा आहे तेथे गावाचा आकडा धरावा. जुने फोटो, घराण्यांच्या आठवणी, गणपतीत कोणता कार्यक्रम व्हावा, अंकात काय वाचायला आवडेल, अशा बाबतींत आमचा आकडाही तितकाच धरावा. गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात आम्ही गावात असतो, तेव्हा त्या दिवसांत घेतलेल्या कौलाखाली तशी नोंद करावी, म्हणजे चैत्रातील उत्तर आषाढात लागू केले जाणार नाही.

कुडाळचा वाचक:

आमच्या घराण्याकडे देवळातील सेवा आहे, म्हणून ‘कौल’ या शब्दावरच दोन ओळी लिहितो.

देवाला कौल लावताना ओल्या कळ्या किंवा पाकळ्या मूर्तीला लावतात आणि उजवी आधी पडते की डावी यावरून उत्तर घेतात. त्याआधी गाऱ्हाणे घालतात. त्यात कोण विचारतो, कशासाठी विचारतो आणि कोणत्या बाजूला पडले तर काय समजायचे, हे सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितले जाते आणि जमलेली मंडळी ‘व्हय महाराजा’ म्हणून त्याला संमती देतात. उत्तराचा अर्थ आधी ठरतो, पाकळी नंतर पडते. माझे वडील एक गोष्ट कटाक्षाने पाळतात: जे करायचे आधीच ठरलेले आहे त्यासाठी कौल लावू देत नाहीत, आणि जे करणे हातात नाही त्यासाठीही लावू देत नाहीत. वाचकांना विचारतानाही हेच पाळावे असे मला वाटते. अमुक इतक्या चिठ्ठ्या आल्या आणि अमुक उत्तर आले तर कार्यकारिणी काय करणार, हे प्रश्नाखालीच छापावे. निकालानंतर काय केले, किंवा काही अडचणीमुळे का करता आले नाही, हे पुढच्या अंकात त्याच जागी छापावे. दोन वेळा विचारून गप्प बसले की तिसऱ्या वेळी डबा रिकामा राहतो.

रत्नागिरीचा निवृत्त संख्याशास्त्र शिक्षक:

कुडाळच्या वाचकांनी जे लिहिले ते मी चाळीस वर्षांत वर्गात इतक्या नेमकेपणाने सांगू शकलो नव्हतो. आता दिवाळी अंकाच्या कौलाकडे वळतो.

एकवीसपैकी नऊ मते कलमबागांना, सात पालखीला, पाच नमनाला. पालखी आणि नमन हे दोन्ही शिमग्याचेच विषय आहेत. बारा वाचकांना शिमगा हवा होता, पण आपण त्यांच्यासमोर दोन ताटे ठेवल्यामुळे ते विभागले गेले आणि नऊ वाचकांची बाग पुढे निघून गेली. भेटेल तो शिमग्याविषयी बोलत होता याचे कारण हेच. एकाच जातीचे दोन पर्याय आणि वेगळ्या जातीचा एक, अशी रचना असली की हे हमखास होते.

यावर एक जुना उपाय आहे. फ्रान्समधील गणिती आणि नौदल अधिकारी झाँ-शार्ल द बोर्दा यांनी १७७० साली तेथील विज्ञान अकादमीपुढे तो मांडला आणि आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. वाचकाला एकच पर्याय निवडायला न सांगता सगळ्या पर्यायांना पसंतीचा क्रम लावायला सांगायचा. तीन पर्याय असतील तर पहिल्या पसंतीला दोन गुण, दुसरीला एक आणि तिसरीला शून्य.

आपल्याच आकड्यांवर करून पाहू. समजा, बाग निवडणाऱ्या नऊ जणांनी दुसरी पसंती पालखीला दिली असती, पालखीच्या सात जणांनी नमनाला आणि नमनाच्या पाच जणांनी पालखीला. मग बागेला नऊ दुणे अठरा गुण. पालखीला सात जणांचे चौदा, बागवाल्यांचे नऊ आणि नमनवाल्यांचे पाच, मिळून अठ्ठावीस. नमनाला पाच जणांचे दहा आणि पालखीवाल्यांचे सात, मिळून सतरा. त्याच एकवीस माणसांकडून, त्यांच्या आवडी तसूभरही न बदलता, पालखीचा अंक निघाला असता. दुसऱ्या पसंतीची माहिती आपल्याकडे नसल्याने हे खात्रीने सांगता येत नाही, पण तीच माहिती मिळवणे आपल्या हातात होते.

या पद्धतीतही दोष आहेत. एखादा गट आपल्या आवडत्या विषयाच्या प्रतिस्पर्ध्याला मुद्दाम तळाला टाकून निकाल फिरवू शकतो. निवडणुकीसाठी तो दोष गंभीर आहे, अंकाचा विषय ठरवण्यासाठी मला तो गंभीर वाटत नाही. पर्याय मात्र चार-पाचांपेक्षा जास्त ठेवू नका, कारण सात गोष्टींना क्रम लावताना माणूस तिसरीनंतर कंटाळतो आणि उरलेले आकडे कसेही भरतो.

आणखी एक सांगतो. निवडणुकीचे उमेदवार, कोणाचे घरगुती वाद किंवा देवस्थानातील मानपान यांवर कौल घेऊ नये. गाव लहान असते. हरलेल्या बाजूला दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने जायचे असते.

गुहागरची संपादिका:

आपल्या सर्वांचे मनापासून आभार. सरांनी सांगितल्याप्रमाणे त्याच रात्री मी गटावरची नावे एकेक करून वाचली. चौसष्टांपैकी अडतीस मते गावाबाहेरची निघाली आणि त्यांतील सदतीस होकाराची होती. गावातील मते सव्वीस. होकार सोळा, नकार दहा. त्या सव्वीसांमध्ये बायका चारच होत्या, आणि त्या चारही जणी कार्यकारिणीतील घरांमधल्या. आमच्या पत्रिकेच्या वाचकांत बायकाच जास्त आहेत असे मला अंक वाटताना नेहमी दिसते, त्यामुळे हा आकडा पाहून मला फार वाईट वाटले.

नवी चिठ्ठी तयार केली आहे. प्रश्न असा: ‘वाचनालय पुढीलपैकी कोणत्या वेळी उघडे असेल तर आपण स्वतः आठवड्यातून निदान एकदा याल?’ पर्याय: सकाळी नऊ ते अकरा, दुपारी तीन ते पाच, संध्याकाळी सात ते नऊ, आणि ‘यांपैकी कोणत्याही वेळी येणे जमणार नाही’. त्याखाली गावात राहता का, हा प्रश्न आणि ‘कारण’ लिहून एक रिकामी ओळ. वर्गणीचा प्रश्न काढून टाकला आहे. सगळ्यांत खाली कार्यकारिणीच्या संमतीने छापत आहोत: ‘गावातून निदान तीस चिठ्ठ्या आल्यास ज्या वेळेला सर्वाधिक पसंती असेल ती वेळ पुढील सहा महिने ठेवू.’ चूक दिसल्यास सांगावे.

रत्नागिरीचा निवृत्त संख्याशास्त्र शिक्षक:

चिठ्ठी उत्तम झाली आहे. एकच बदल करावा. एखाद्याला दोन वेळा सोयीच्या असू शकतात, तेव्हा ‘जमतील त्या सर्व वेळांवर खूण करा’ असे लिहावे आणि ज्या वेळेवर सर्वाधिक खुणा असतील ती घ्यावी. ‘जमणार नाही’ हा पर्याय ठेवलात हे फार योग्य केलेत. त्याच्यापुढची कारणे आधी वाचा.

गुहागरची संपादिका:

दीड महिन्यानंतर लिहीत आहे. वाण्याच्या दुकानातील, शाळेतील आणि एसटीच्या थांब्याजवळच्या चहाच्या टपरीवरील डब्यांतून गावातील एकेचाळीस चिठ्ठ्या मिळाल्या. दुपारी तीन ते पाच या वेळेवर सव्वीस खुणा, संध्याकाळच्या वेळेवर अकरा, सकाळच्या वेळेवर नऊ. पाच जणांनी जमणार नाही असे लिहिले. त्यांतील तिघांनी कारण दिले की वरच्या वाडीतून पाखाडी उतरून यायची, पावसात ती निसरडी होते आणि परत चढताना गुडघे धरतात. त्यांच्यासाठी पंधरवड्यातून एकदा पुस्तकांची पेटी वरच्या वाडीतील अंगणवाडीत न्यायची असे ठरले. ही गोष्ट आमच्या कोणाच्याही पर्यायांत नव्हती.

एका चिठ्ठीवर नाव नव्हते, खूण दुपारच्या वेळेवर होती आणि कारणाच्या ओळीत पेन्सिलीने लिहिले होते: ‘सातला भाकऱ्या थापायच्या असतात. तीनला उघडाल तर येईन, मुलीलाही आणीन.’ एक तारखेपासून दुपारी तीनला वाचनालय उघडतो आहोत. चिठ्ठ्यांवरची सगळी कारणे पुढच्या अंकात नावांशिवाय छापत आहोत. अंक आठ पानांत बसत नसल्याने या वेळी बारा पानांचा होईल.